टाळ वाजला की ताईंचा आवाज खाली: इन्सर्ट इफेक्टसकट रेकॉर्ड झालेल्या सहा अभंगांचं प्रकरण

पुण्यातल्या सहकारनगरमधल्या एका महिला भजनी मंडळाने आषाढीच्या आधी सहा अभंग रेकॉर्ड करायचं ठरवलं, पेनड्राइव्हवर घालून सभासदांना आणि पाहुण्यांना वाटायला. स्टुडिओचं भाडं परवडणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर एवढ्या बायका, पेटी, पखवाज आणि टाळ असं सगळं एकाच वेळी मावेल असा स्टुडिओ मिळणंही सोपं नाही, म्हणून सोसायटीचं क्लब हाऊस आणि मंडळातल्या एका काकूंच्या भाच्याची मल्टीट्रॅक मशीन (प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणारी) असा बेत जमला. खाली सतरंज्या, मागच्या भिंतीला गाद्या उभ्या केलेल्या, पंखे बंद. (एक पंखा बंद करायचा राहिला होता, त्याचा विषय पुढे येतोच.) रेकॉर्डिंग झालं, तिथल्या तिथे सगळ्यांनी हेडफोन लावून ऐकलं, चहा झाला, मंडळी घरी गेली.

भाच्याने घरी स्पीकरवर शांतपणे ऐकलं तेव्हा त्याला खटकलं आणि त्याने मला फोन केला. "दादा, टाळ वाजला की ताईंचा आवाज दबतोय आणि मग परत वर येतोय, मशीन गेलं का माझं?"

मशीन ठणठणीत होतं. कॉम्प्रेसर (आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की तो दाबणारा) नावाचा इन्सर्ट इफेक्ट इनपुटला लावलेला होता आणि त्याच्यासकट सगळं कार्डवर उतरलं होतं, एवढीच गोष्ट. पण तीच गोष्ट एका माइकवर नासाडी करून गेली आणि दुसऱ्या माइकवर चक्क फायदा करून गेली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी सामान काय होतं ते. मशीन म्हणजे झूमची आर१६. एका वेळी ८ इनपुट घेते, १६ ट्रॅक, एसडी कार्डवर वेव्ह फायली बनवते, लाइट गेली तर ६ पेन्सिल सेलवर पण चालते. कंडेन्सर माइकला लागणारी फँटम पॉवर फक्त ५ आणि ६ नंबरच्या इनपुटला आहे, आणि गिटार सरळ जोडायची सोय १ नंबरला. भाच्याने १ वर इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची लाइन घेतली, २ वर ताई (मंडळाच्या मुख्य गायिका, सगळे त्यांना ताईच म्हणतात), ३ आणि ४ वर मागे म्हणणाऱ्या बायका (म्हणजे कोरस), ५ वर पेटीसाठी कंडेन्सर, ६ वर टाळकरी आणि एकूण खोली मिळून दुसरा कंडेन्सर, ७ आणि ८ वर पखवाजाच्या दोन बाजू. एक-दोन अडॅप्टर कमी पडले ते ऐनवेळी तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, आणले. माइकची ही वाटणी चांगली होती, मी असतो तरी फार वेगळं केलं नसतं. फक्त टाळकरी बायका ताईंच्या बरोब्बर पाठीमागे बसल्या होत्या, कारण देवळात तशाच बसतात, आणि बसायची जागा बदलायला सांगायची हिंमत त्या पोराला झाली नाही हे मी समजू शकतो.

आता सिग्नल जातो कसा ते बघू, कारण सगळी मेख तिथे आहे. माइकमधून आवाज इनपुटला येतो, तिथे गेनच्या नॉबने त्याची लेव्हल ठरते, मग तो ट्रॅकवर म्हणजे कार्डवर लिहिला जातो, आणि वाजवताना कार्डवरून निघून मिक्सरमधून फेडर (आवाज कमी-जास्त), पॅन (डावं-उजवं) वगैरे होऊन मास्टरला, म्हणजे सगळे ट्रॅक जिथे एकत्र होतात तिथे, जातो. इन्सर्ट इफेक्ट म्हणजे या रस्त्याच्या मध्ये बसवलेला इफेक्ट, अख्खा आवाज त्याच्यातून जातो, बाजूने काहीच जात नाही. या मशीनवर तो तीन ठिकाणी बसवता येतो: इनपुटला, ट्रॅकला किंवा मास्टरला. इनपुटला बसवला तर तो कार्डच्या अलीकडे असतो, म्हणजे जे लिहिलं जातं ते इफेक्ट लागलेलंच. ट्रॅकला बसवला तर कार्डच्या पलीकडे, कार्डवर मूळ आवाज तसाच राहतो आणि इफेक्ट नंतर काढा, बदला, काय वाटेल ते करा. सेंड-रिटर्नवाले इफेक्ट वेगळे. त्यात आवाजाची एक प्रत इफेक्टकडे पाठवली जाते आणि इफेक्टचा आवाज मूळ आवाजात मिसळतो, इथे कोरस-डिले (हा कोरस म्हणजे इफेक्टचं नाव, बायका नव्हे) आणि रिव्हर्ब (देवळासारखा घुमारा देणारा) असे दोन सेंड आहेत आणि रेकॉर्डिंग करताना ते फक्त ऐकू येतात, ट्रॅकवर लिहिले जात नाहीत.

भाच्याने इन्सर्टमध्ये आठही चॅनेलला एकेक कॉम्प्रेसर आणि ईक्यू (आवाजातला जाड-बारीक भाग कमी-जास्त करणारा) देणारा प्रकार निवडला होता, जागा इनपुट. त्याचं कारण विचारलं तर उत्तर अगदी सरळ होतं. तो गिटार वाजवतो. गिटारवाल्यांचा इफेक्ट इनपुटलाच असतो, डिस्टॉर्शन नसलेली गिटार रेकॉर्ड करायला कोण बसतंय, जो आवाज ऐकून वाजवतोय तोच आवाज रेकॉर्ड व्हायला हवा असतो. ती सवय इकडे आली. शिवाय ताई हेडफोन लावल्या लावल्या म्हणाल्या होत्या, "अरे, आवाज कोरडा लागतोय, देवळात कसा भरून येतो तसा येत नाहीये." मग त्याने रिव्हर्ब वाढवला आणि जोडीला कॉम्प्रेसरही कसला, ताई खूश झाल्या. यातली गंमत अशी की ताईंना पाहिजे होता तो रिव्हर्ब सेंडवर होता, त्याने कार्डवर काहीच बिघडवलं नव्हतं, आणि जो त्यांनी मागितलाच नव्हता तो कॉम्प्रेसर मात्र कार्डवर जाऊन बसला.

फोनवर हे सगळं कळलं नव्हतं, म्हणून आधी खात्री केली. पद्धत साधी आहे. मशीनवरचे सगळे इफेक्ट बंद करून ट्रॅक एकेक सोलो करून, म्हणजे बाकीचे बंद ठेवून, वाजवायचा. तरीही आवाज दबत असेल तर तो दोष कार्डवर लिहिलेला आहे, इफेक्ट बंद केल्यावर दोष गेला तर नुसता वाजवताना लागतोय. इथे सगळं बंद केलं तरी ताईंच्या ट्रॅकवर टाळाच्या प्रत्येक ठोक्याला आवाज बसत होता. मग फायली लॅपटॉपवर घेऊन रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तर ताईंच्या ट्रॅकचं चित्र डबल रोटीसारखं सपाट वगैरे नव्हतं, उलट टाळाचे अणकुचीदार शेंडे, त्या प्रत्येक शेंड्यामागे एक खड्डा, आणि खड्ड्यातून हळूहळू वर येणारा आवाज असं दिसत होतं. ओळ संपून ताई श्वास घ्यायला थांबल्या की तो राहिलेला पंखा हूंऽऽ करत वर यायचा आणि पुढची ओळ सुरू झाली की गायब. ही कॉम्प्रेसरची ठळक खूण आहे.

असं का होतं ते आकड्यात सांगतो, कारण आकड्यात लवकर समजतं. समजा कॉम्प्रेसरचा थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर तो दाबायला लागतो ती पातळी, उणे २० डीबीला आहे (मीटरवर शून्य ही वरची हद्द) आणि रेशो, म्हणजे दाबायचं प्रमाण, ४:१. ताई एकट्या गातायत, आवाज उणे २० च्या आसपास खेळतोय, कॉम्प्रेसर जवळजवळ झोपलेला. तेवढ्यात मागे टाळ वाजला आणि त्याच माइकमध्ये उणे ८ पर्यंत शिरला. म्हणजे थ्रेशोल्डच्या वर १२ डीबी. ४:१ म्हणजे त्या १२ चे ३ उरणार, म्हणून कॉम्प्रेसर ९ डीबी दाबतो. पण त्याला टाळ कोणता आणि ताई कोण हे कळत नाही, त्याच्याकडे एकच सिग्नल येतो, तो अख्खा ९ डीबीने दाबतो, त्यात ताईही दबतात. टाळ क्षणात संपतो पण कॉम्प्रेसर सोडायला त्याच्या रिलीजएवढा वेळ घेतो, तेवढा वेळ ताई खालीच. द्रुत लयीत तर एका ठोक्यातून आवाज वर येईपर्यंत पुढचा ठोका येतो. वरून मेकअप गेन, म्हणजे दाबून झाल्यावर सगळा आवाज परत वर उचलणारा नॉब, वाढवलेला, त्यामुळे शांततेत जे काही बारीक असतं ते सगळं वर, म्हणजे पंखा, रस्त्यावरची रिक्षा, कोणाच्या तरी बांगड्या.

आणि ईक्यूने त्याच्यावर कडी केली होती. आवाज "ओपन" यावा म्हणून ताई आणि कोरसच्या चॅनेलला ३ ते ५ किलोहर्ट्झच्या भागात उचल दिली होती. टाळाची धार तिथेच असते. म्हणजे एकीकडे टाळामुळे कॉम्प्रेसर ताईंना दाबतोय आणि दुसरीकडे ईक्यू टाळाचीच धार वर काढतोय असा प्रकार. ईक्यूचं बरं असतं, किती उचललं ते सेटिंग प्रोजेक्टमध्ये दिसत होतं, तेवढंच त्याच जागी उलटं खाली घेतलं की बऱ्यापैकी परत येतं. कॉम्प्रेसरचं तसं नाही, तो प्रत्येक क्षणाला वेगळा दाबतो, दळलेल्या पिठाचे परत गहू होत नाहीत.

एवढं ऐकून भाचा म्हणाला मग सगळंच गेलं. तसं पण नव्हतं. पखवाजाचे ७ आणि ८ सोलो केले तर आवाज एकदम भारी. उजव्या बाजूची थाप गोल, कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा छान लांबलेला, लेव्हल एकसारखी. तोच कॉम्प्रेसर, साधारण तीच सेटिंग, मग इथे चांगलं का? कारण माइक पखवाजापासून चार-पाच इंचांवर आहेत, त्या माइकमध्ये सगळ्यात मोठा आवाज पखवाजाचाच आहे, कॉम्प्रेसर हलतोय तो पखवाजामुळे आणि दाबतोय तोही पखवाजालाच. ताईंच्या माइकमध्ये मात्र कॉम्प्रेसरला हलवणारा वेगळा आणि मार खाणारा वेगळा. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग हाच. इनपुटला कॉम्प्रेसर लावू का नको हा प्रश्न "कॉम्प्रेसर चांगला की वाईट" असा नसतोच, त्या माइकमध्ये सगळ्यात मोठा कोण आहे ते आधी बघावं लागतं. सगळे एका खोलीत, एकाच वेळी, पाठीमागे टाळ, अशा बैठकीत गाणाऱ्या माइकवर उत्तर जवळजवळ नेहमी नकोच असं येतं. गेट (आवाज बारीक झाला की माइक बंद करणारा इफेक्ट) लावणं तर त्याहून वाईट झालं असतं, अभंगात ओळीचा शेवटचा स्वर हळूहळू विरतो, गेटने तो मध्येच कापला असता आणि पुढच्या टाळाला गेट टाळासकट धाडकन उघडलं असतं.

मग पुढे काय करायचं. परत सगळं रेकॉर्ड करू हे सगळ्यात सरळ होतं, पण पखवाज वाजवणारा मुलगा तोपर्यंत माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडला पोचला होता. तो आषाढीच्या आधी परत येणार नव्हता आणि मंडळाला वाटप आषाढीलाच करायचं होतं. दुसरा पखवाजवाला आणू असं मी सुचवलं तर काकूंनी अशा नजरेने बघितलं की विषय तिथेच मिटला. हाताने दुरुस्ती, म्हणजे रीपरमध्ये व्हॉल्यूमची रेघ काढून प्रत्येक टाळामागचा खड्डा भरून काढणं, हे करून बघितलं. दोन विलंबित अभंगांत अंतऱ्याला टाळ जवळजवळ नाहीच, तिथे खड्डे कमी होते आणि काम जमलं, वेळखाऊ पण जमलं. बाकीच्या चारांत नाही जमलं, कारण खड्डा भरला की त्याच्याबरोबर पंखा आणि टाळाची शेपूट पण वर येते.

तेव्हा ठरलं असं: ते दोन अभंग दुरुस्त करून ठेवायचे, आणि बाकी चारांत फक्त पखवाज ठेवायचा, त्याच्यावर पेटी, टाळ, ताई आणि कोरस नव्याने ओव्हरडब करायचे, म्हणजे जुना ट्रॅक कानात ऐकत वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचे. पेटी का बदलायची असं पेटीवाले काका जरा दुखावून म्हणाले, त्यांची पेटी सुरेख वाजली होती यात वादच नाही. पण त्यांच्या कंडेन्सरमध्ये ताईंचा जुना आवाज चांगला मोठा शिरला होता. ताईंनी नव्याने गाताना एखादी जागा वेगळी घेतली की पेटीच्या ट्रॅकमधली जुनी ताई मागून वेगळंच गाणार, भुतासारखं. खोलीच्या ६ नंबरच्या माइकचं तर विचारूच नका, तो पूर्ण बाद. पखवाजाच्या माइकमध्ये जुने आवाज होते पण खूप खाली, वर नवीन कोरस आला की झाकले जातील एवढेच.

ओव्हरडबच्या दिवशी मशीनवर दोन गोष्टी बदलल्या. एक, जुना आठ चॅनेलवाला इन्सर्ट काढून टाकला. दोन, ताईंच्या इनपुटला माइकसाठीचा साधा इन्सर्ट घेतला, अगदी हलका कॉम्प्रेसर, आणि रेकॉर्ड होणारा सिग्नल वेटवरून ड्राय केला. ही सोय या मशीनच्या इन्सर्टच्या मेन्यूत आहे आणि बरेच जण तिकडे फिरकत नाहीत. वेट म्हणजे इफेक्टसकट लिहायचं, ड्राय म्हणजे इफेक्ट फक्त हेडफोनला ऐकवायचा, कार्डवर कोरडं लिहायचं. ताईंना कानात भरलेला आवाज, रिव्हर्बसकट, आणि कार्डवर जसा गळ्यातून निघाला तसा. गाणाऱ्याला काय ऐकवायचं आणि कार्डवर काय लिहायचं हे दोन वेगळे निर्णय आहेत, पहिल्या रेकॉर्डिंगला ते एकच धरले गेले होते.

प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झ, २४ बिट. लेव्हल अशी ठेवली की सगळ्यात मोठी तान उणे १२ च्या आसपास जाईल. भाच्याला हे फार खाली वाटत होतं, मीटर अर्धं रिकामं दिसतंय म्हणे. दिसू दे. २४ बिटमध्ये कागदावर १४४ डीबीची जागा मिळते, १६ बिटमध्ये ९६, म्हणजे वर १२ डीबी मोकळे सोडले म्हणून काही बिघडत नाही, त्या खोलीतला पंखा आणि रस्ता हाच खरा तळ आहे. "कॉम्प्रेसर लावूनच रेकॉर्ड करा नाहीतर लेव्हल मिळत नाही" हा सल्ला कॅसेटच्या काळातला. १९७९ ला टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ १४४ आलं, साध्या कॅसेटवर ४ ट्रॅक, तेव्हा टेपचा हिस (सतत येणारा स्स्स आवाज) एवढा असायचा की आवाज शक्य तितका वर चिकटवून लिहावा लागायचा, आणि चारच ट्रॅक असल्यामुळे तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र करताना इफेक्ट तेव्हाच लावून मोकळं व्हायला लागायचं. नंतर बघू म्हणायला नंतर ट्रॅकच उरत नसे. त्यांचं बरोबरच होतं. तो सल्ला आता एसडी कार्डवर तसाच पाळायचं कारण नाही.

कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड का नाही केलं असंही भाच्याने विचारलं, स्क्रीनवर दिसतं सगळं. दिसतं, पण इफेक्ट लागलेला आवाज कॉम्प्युटरमधून फिरून कानात यायला वेळ लागतो. ५१२ सॅम्पलचा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) ४४.१ किलोहर्ट्झला नुसता एका बाजूने ११.६ मिलिसेकंद होतो, जाऊन येऊन दुप्पट आणि वर थोडं. गिटारवाला सांभाळून घेतो, पण भजन म्हणणाऱ्या बाईला स्वतःचा आवाज कवटीतून आधी आणि कानातून नंतर आला की ती गडबडते आणि काय होतंय ते तिला सांगताही येत नाही, फक्त "आज गळा लागत नाहीये" म्हणते. मशीनच्या आतल्या इफेक्टला असा उशीर जाणवत नाही.

प्रत्यक्ष गाताना दुसऱ्याच अडचणी आल्या, ज्या मशीनच्या कुठल्याच मेन्यूत नसतात. ताई आयुष्यभर मंडळात बसून गायल्या, एकट्या खोलीत हेडफोन लावून गाताना आवाज मोकळा होईना. मग एक कान उघडा ठेवायला दिला, आणि जो उघडा आहे त्या बाजूचा आवाज पॅन करून बंद केला, नाहीतर त्या कपातून पखवाज बाहेर पडून माइकमध्ये शिरतो. समोर दोघी काकू नुसत्या बसवल्या, गायचं नाही, टाळ्या नाहीत, फक्त मान डोलवायची. त्याने कुठल्याही रिव्हर्बपेक्षा जास्त फरक पडला. सुरुवातीच्या आलापाला पखवाज नसतो, मग कधी उठायचं हे कळणार कसं, तर तिथे ताईंचा जुनाच ट्रॅक कानात बारीक आवाजात दिला आणि पखवाज सुरू झाला की बंद केला. क्लिक (लय धरायला कानात दिलेली टकटक) नव्हताच, त्यामुळे लय म्हणजे पखवाज जिथे नेईल तिथे. दुसऱ्या बैठकीला ताईंचा गळा जरा बसला होता, त्या म्हणाल्या, "काळी पाचच्या ऐवजी पांढरी सहा घेऊ या का?" अर्धाच स्वर खाली, पेटीवाले काका तयार पण झाले, पण पखवाज काळी पाचच्या षड्जाला लावून आधीच रेकॉर्ड झालेला, तो आता खाली कसा येणार. गरम पाणी, थोडी विश्रांती आणि परत काळी पाच.

कोरससाठी बायकांना दोन माइकसमोर अर्धगोलात उभं केलं, इन्सर्ट काहीच नाही. टाळ सगळ्यात शेवटी, एकटा, माइकपासून लांब. टाळ वेगळ्या ट्रॅकवर आल्याबरोबर निम्मं दुखणं गेलं, कारण आता ताईंच्या ट्रॅकला काहीही लावलं तरी ते फक्त ताईंनाच लागणार होतं.

मिक्स करताना इन्सर्ट परत आले, पण आता ट्रॅकवर. ताईंना ३:१ चा कॉम्प्रेसर, मोठ्या तानांना ३ ते ५ डीबी दाबेल एवढाच. कोरसला त्याहून थोडा जास्त, कारण तिथे कोणी पुढे कोणी मागे असं होतंच. टाळाचा वरचा भाग कमी केला. रिव्हर्ब सेंडवर, सगळ्यांना एकच, म्हणजे सगळे एका देवळात बसल्यासारखे वाटतात, प्रत्येकाला वेगळा इन्सर्ट रिव्हर्ब दिला असता तर पेटी एका हॉलमध्ये आणि कोरस दुसऱ्या हॉलमध्ये. पखवाजाला काहीच लावलं नाही, त्याचं जे व्हायचं ते पहिल्याच दिवशी होऊन गेलं होतं. मास्टरला शेवटी जरा लेव्हल वर घेतली, बास.

एका अभंगात भूत राहिलंच. शेवटच्या आवर्तनात पखवाज एकदम हळू होतो आणि तिथे ७ नंबरच्या ट्रॅकमधून जुन्या कोरसची एक ओळ पुसट ऐकू येते, नव्या कोरसच्या किंचित आधी. पखवाजाचा तेवढा तुकडा दुसऱ्या आवर्तनातून उचलून लावून बघितला, जोड कळत होता. सोडून दिलं. मंडळात कोणालाही ते ऐकू आलेलं नाही आणि मी दाखवणार नाहीये.

पेटीवाल्या काकांचं म्हणणं मात्र अजून असंच आहे की पहिलं रेकॉर्डिंग जास्त भरलेलं होतं आणि नवीन जरा सुटं सुटं वाटतं. त्यात तथ्य आहे. एकत्र बसून वाजवण्यात जी एकमेकांना ढकलायची गंमत असते ती ओव्हरडबमध्ये येत नाही, आणि विलंबितचे ते दोन दुरुस्त केलेले अभंग बारीक दोष असूनही जिवंत वाटतात हे मीसुद्धा मान्य करतो. म्हणून दिवाळीनंतर परत करायचं ठरलंय ते सगळ्यांनी एकत्र बसूनच. टाळकऱ्यांना ताईंच्या पाठीमागून काढून समोर, ताईंच्या माइकच्या पाठीकडे बसवायचं, तो माइक मागून येणारा आवाज कमी घेतो, त्याचा फायदा का सोडा.

पखवाजवाला मुलगा पंढरपूरहून आल्यावर त्याने ऐकलं आणि त्याला त्याचा तो दाबलेला, गोल आवाज इतका आवडला की पुढच्या वेळी पण असाच पाहिजे म्हणाला. हरकत नाही. आठ चॅनेलवाला तोच इन्सर्ट इनपुटला ठेवायचा, १ ते ६ चे कॉम्प्रेसर आणि ईक्यू बंद, फक्त ७ आणि ८ चालू, सिग्नल वेट. ताईंना कानात रिव्हर्ब सेंडवरून मिळेलच. या मशीनवर इन्सर्ट एका वेळी एकाच जागी बसतो, त्यामुळे ताईंना कानापुरता वेगळा कॉम्प्रेसर त्या दिवशी देता येणार नाही, ते त्यांना आधीच सांगून ठेवलंय. पंखा बंद आहे का ते बघायचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलंय.